दोन हंगाम पडीक: एका बँक मॅनेजरने राखलेलं खाजन

फोंडा तालुक्यात जुवारीच्या काठाला एक गाव आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही, कारण यातल्या अर्ध्या बाबी अजून मामलेदाराच्या कचेरीत आणि कोर्टात पडून आहेत. ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं त्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात. राष्ट्रीयीकृत बँकेत शेतकी अधिकारी म्हणून लागले, बऱ्याच शाखा सांभाळल्या, साठाव्या वर्षी निवृत्त होऊन वाडवडिलांच्या घरी परतले. गेली काही वर्षं ते गावच्या कुळ संघटनेचे खजिनदार आहेत. गावचं खाजन, म्हणजे नदीकाठची खारी भातजमीन, आज पिकतंय त्यात त्यांचा हात मोठा आहे, हे त्यांच्याशी भांडणारेही कबूल करतात.

बँकवाला जमीन राखायला लागला की त्याची कथा ठरलेल्या साच्यातून निघते. आधी एसी केबिनचा कंटाळा, मग रानातली पहाट, मग साक्षात्कार. भाऊंच्या बाबतीत असलं काही घडलेलं नाही. पक्ष्यांची नावं त्यांना आजही येत नाहीत. खाजनात उतरणाऱ्या सगळ्यांना ते सरसकट बगळे म्हणतात. पर्यावरणप्रेमी म्हटलं तर चिडतात. त्यांनी जे केलं ते बँकेतल्या सवयींच्या जोरावर केलं आणि जिथे फसले तेही त्याच सवयींपायी. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यासाठी.

मोठी उदाहरणं जगात आहेत. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने २००२ मध्ये बुडीत कर्जांचा एक गठ्ठा विकत घेतला, त्यात चिलीतल्या तिएरा देल फुएगोमधली जंगलं तारण होती. २००४ मध्ये बँकेने ती जमीन वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीला देऊन टाकली. सुमारे २.७५ लाख हेक्टर, म्हणजे आपल्या अख्ख्या गोव्याच्या पाऊणपट. पुढे २००८ मध्ये त्याच बँकेतले मार्क टर्सेक नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. एका व्यवहारात पाऊण गोव्याएवढी जमीन राखली गेली, हे वाचायला बरं वाटतं. आपल्याकडे भाताच्या एका सर्व्हे नंबरावर वीस-पंचवीस वारस निघतात, त्यातले निम्मे मुंबईत, दोन लिस्बनला, आणि प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही वेगळी लागते. इथलं काम त्या मापाचं नाही.

सनद आहे का?

भाऊंची निम्मी नोकरी उतारे वाचण्यात गेली. गोव्यात जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म एक आणि चौदा. बोलताना सगळे एक-चौदा म्हणतात. त्यात कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, इतर हक्क आणि खाली कसणुकीचे रकाने: भात, बागायत, खाजन, केर, मोरड. कर्जाचा अर्ज पुढ्यात आला की भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. सनद आहे का? म्हणजे १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराची परवानगी मिळालीय का?

कारण व्यवहाराचं होतं. २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे कर्ज थकलं तर बँकेला कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेता येतं, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे शेतजमिनीचं तारण मॅनेजरला नकोसं वाटतं आणि सनद झालेला तुकडा हवाहवासा. शेत शेत राहिलं नाही की त्याची किंमत चढते, हे भाऊंनी सगळी नोकरीभर स्वतःच्या हाताने फायलींवर लिहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी बाजू बदलली असं लोक म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. जमीन कुठल्या कागदाने हातची सुटते हे ज्याला तोंडपाठ असतं, त्याला ती कुठल्या कागदाने अडून राहते हेही ठाऊक असतं. भाऊंनी तेच ज्ञान दुसऱ्या कामाला लावलं.

बांध, मानस आणि पावणी

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याकडून हिरावून घेतलेली सखल जमीन. गोव्यात अशी १७ ते १८ हजार हेक्टर धरली जाते, पेडण्यापासून सासष्टीपर्यंत. नदीकाठाने चिखलाचा बांध, नदीच्या अंगाला चिऱ्यांची पिचिंग, बांधात जागोजाग मानशी. मानशीची लाकडी दारं भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडतात. ना मोटर, ना माणूस. आत सखल भागात पाणी साठायला पोंय, तिच्या कडेने वर चढत भाताची शेतं. जूनच्या सरी मातीतलं मीठ धुऊन नेतात, मग कोरगुट किंवा आसगो पेरतात. ही खारं पाणी सोसणारी जुनी वाणं. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ काढली.

हे सगळं चालतं ते बांध धड असेपर्यंत. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकरीची, म्हणजे कोमुनिदाद या गावच्या जुन्या सामायिक जमीनसंस्थेची असे. कूळ कायदा १९६४ चा, त्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची. कसणारा मालक मानला गेला आणि ते व्हायलाच हवं होतं. पण खंड बंद झाला तसा कोमुनिदादचा बांधातला रसही आटला, आणि जबाबदारी कुळांच्या संघटनेवर आली, देखरेख मामलेदाराची. जमीन प्रत्येकाची वेगळी, बांध मात्र सगळ्यांचा. अशा गोष्टीचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

संघटनेचं उत्पन्न एकच, मानशीची पावणी. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरायचा हक्क दरवर्षी लिलावात जातो. शेवटां, काळुंदरां, चणाक, सुंगटां. रात्रीच्या ओहोटीला चांगली मिळकत असते. पावणी घेणाऱ्याला आत जास्त पाणी हवं, कारण जास्त पाण्याबरोबर जास्त मासळी येते. मग तो भरतीच्या वेळी दारांत लाकूड अडकवून ती उघडी ठेवतो. पाणी जोराने आत शिरतं, मानशीचा पाया खचतो, पोंय भरून खारं पाणी शेतात चढतं. आधी कडेची शेतं पडीक पडतात, मग मधली. पडीक शेतात चिपी, म्हणजे खारफुटी उगवते. नदीच्या बाजूला उगवलेली चिपी बांधाचं रक्षण करते. बांधाच्या आत उगवली की शेत संपलं, कारण ती तोडायला कायद्याने मनाई आहे आणि ती मनाई योग्यच आहे. गावचं खाजन या उतरणीवर बरंच खाली आलं होतं तेव्हा संघटनेला खजिनदार हवा होता. बँकवाला घरी आलाय, त्याला घाला, इतकाच विचार त्यामागे होता.

थकबाकीची वही

भाऊंनी पहिलं वर्ष कुणाला काही सांगितलं नाही. छत्री आणि लांब वही घेऊन बांधावरून फिरत राहिले. वहीत प्रत्येक सर्व्हे नंबराला एक ओळ आणि बांधाच्या प्रत्येक तुकड्याला एक ओळ. पुढे जे रकाने आखले ते मी पाहिले तेव्हा हसू आलं, कारण ते सरळ रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातून उचललेले होते: स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल, लॉस.

अल्प मुदतीच्या पिकावरचं कर्ज दोन हंगाम थकलं की बँक त्याला अनुत्पादक ठरवते. भाऊंनी तोच नियम शेताला लावला. एक हंगाम पडीक गेला तर मालकाच्या घरी जायचं आणि विचारायचं: माणूस मिळाला नाही का, घरात आजारपण आहे का, की पाणी चढतंय? दोन हंगाम पडीक गेला तर शेत सब-स्टँडर्ड, मग चौकशीवर भागायचं नाही, संघटनेने काहीतरी करायचं. आतली चिपी माणसाच्या डोक्यावर गेली की लॉस. त्या ओळीवर तांबडी रेघ मारून मोकळं व्हायचं आणि तिथे पैसा घालायचा नाही. हा शेवटचा भाग लोकांना फार लागला. ज्यांची शेतं तांबड्या रेघेखाली गेली त्यांना वाटलं की आपल्याला वाऱ्यावर सोडलं. त्यातल्या एका घराने भाऊंशी बोलणं टाकलं ते आजतागायत.

एकदा त्यांच्याबरोबर बांधावर गेलो होतो, ओहोटीची वेळ साधून. बांधाच्या आतल्या उतारावर ओंजळभर ओला गाळ साचला होता आणि त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. भाऊ उकिडवे बसले, बाजूचं गवत हाताने बाजूला केलं. कुर्लीचं बीळ. कुर्ल्या बांधात आरपार बिळं करतात. भरतीला त्यातून पाणी येतं, माती घेऊन येतं, बीळ रुंदावतं आणि पावसाळ्यातल्या एखाद्या मोठ्या भरतीला तिथेच बांध फुटतो. पूर्वी यासाठी बांधावर राखणे असत. भाऊंनी खिशातून खडू काढून जवळच्या चिऱ्यावर खूण केली आणि वहीत लिहिलं: मानस दोन, पूर्वेकडे, गळती, आठ दिवसांत. म्हणाले, "आज दोन माणसं आणि चार पाट्या चिखल. चवथीनंतर आलो तर जेसीबी." पुढचा आठवडाभर ते त्या दोन माणसांच्या मागे होते.

चवथीचे पैसे

खरी लढाई झाली ती पैशावर. पावणीची रक्कम आली की ती सभासदांत वाटायची, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी, ही रीत होती. प्रत्येकाच्या वाट्याला गणपतीवरच्या माटोळीचं सामान आणि पोरांचे कपडे निघतील एवढी रक्कम येई. बांध फुटला की कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करायचा. खातं काम करून देतं, पण अंदाजपत्रक, निविदा आणि पावसाळा यांचा मेळ क्वचितच बसतो. भाऊंनी पहिल्याच वार्षिक सभेत ठराव मांडला: पावणीची निम्मी रक्कम आधी बांधाच्या तरतुदीला, उरली तर वाटप.

देवळाच्या मंडपात झालेल्या त्या सभेत काय गदारोळ झाला ते गावात अजून रंगवून सांगतात. एका वयस्कर काकींनी उभं राहून विचारलं, "भाऊ, माझ्या आईचं सोनं उल्त्रामारिनुत गहाण होतं. लिस्बनला गेलं ते तीस वर्षांनी परत आलं. तोवर ती गेली होती. आता तुमच्या खात्यात ठेवलेलं कधी मिळणार?" बांको नासियोनाल उल्त्रामारिनुने १९६१ मध्ये गोवेकरांचं गहाण सोनं पोर्तुगालला नेलं होतं आणि ते १९९१ मध्ये परत आलं, हे खरंच आहे. बँक या गोष्टीवर अविश्वास दाखवायला गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे सबळ कारण आहे. ठराव त्या वर्षी आपटला.

दुसऱ्या वर्षी भाऊंनी तो वेगळा मांडला. खातं संघटनेच्या नावावर, सह्या तिघांच्या, त्यातली एक त्याच काकींची. दर महिन्याला पासबुकाचं पान देवळाच्या फळ्यावर चिकटवायचं. शिवाय त्या वर्षी एका रात्री बांध फुटून सात-आठ घरांचं उभं पीक खारवलं होतं. त्यामुळे ठराव पास झाला. भाऊंच्या बोलण्याने झाला की फुटलेल्या बांधाने, यावर गावात दोन मतं आहेत. मी दुसऱ्या मताचा.

पावणीच्या अटीही बदलल्या. भरतीच्या वेळी दारं उघडी सापडली तर अनामत जप्त. मानशीची देखरेख संघटनेच्या माणसाकडे, पावणी घेणाऱ्याकडे नाही. पहिल्या वर्षी बोली पडली, म्हणजे उत्पन्न घटलं आणि भाऊंवर शिव्यांची बरसात झाली. पुढे शेतं आत सावरली, बोली मात्र पूर्वीइतकी कधीच गेली नाही. हे नुकसान खरं आहे आणि त्याची नोंद वहीत आहे.

उतारे साफ केले आणि

आता या प्रकरणातला सगळ्यात अडचणीचा भाग.

पडीक शेतांच्या मुळाशी भाऊंना दिसलं ते नेहमीचंच: उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारस विखुरलेले, कसायला कुणी नाही. बँकवाल्याला असा उतारा म्हणजे नखात शिरलेली काडी. त्यांनी घराघरांत जाऊन लोकांना पटवलं की इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि वाटे ठरवायची कोर्टातली कार्यवाही, करून घ्या, नावं चढवा, उतारा स्वच्छ करा, म्हणजे शेतीच्या योजना मिळतील आणि पिकाचं कर्जही मिळेल. गोव्यात नवरा-बायकोचा मालमत्तेत निम्मा-निम्मा हक्क असतो, मुलांचा वाटा कायद्याने राखीव असतो, त्यामुळे इन्व्हेंटरी हे काम किचकट आणि खर्चाचं. भाऊंनी वंशावळी स्वतः लिहून दिल्या, वकिलाशी बोलले, दाखल्यांसाठी पणजीच्या पुराभिलेखात बसून राहिले.

रस्त्याला लागून असलेल्या एका घराचं काम आधी झालं. उतारा आरशासारखा स्वच्छ झाला आणि वर्षाच्या आत ती जमीन बाहेरच्या पार्टीला विकली गेली. लांब सुट्टी बघून रात्रीत टिप्पर लागले आणि भाताच्या शेतात तांबड्या मातीचा ढीग उभा राहिला. नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या १७ अ कलमाने परवानगीशिवाय सखल जमिनीत भराव घालायला बंदी आहे, सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, २०११ ची अधिसूचना खाजनात बांधकामाला परवानगी देत नाही, प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये खाजन इको-झोन एकमध्ये आहे. तक्रार झाली, काम थांबवण्याचा आदेश आला. माती तिथेच आहे. पावसाचं पाणी अडून मागच्या दोन शेतांत तुंबतं.

गुंतलेला उताराच इतकी वर्षं त्या जमिनीची राखण करत होता. वीस सह्या गोळा होत नाहीत म्हणून विक्री होत नव्हती. भाऊंनी ती गाठ सोडवून दिली आणि जमीन बाजारात चालती झाली. ज्या गोष्टीने तारण चांगलं ठरतं त्याच गोष्टीने विक्री सोपी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं? याबद्दल विचारलं की भाऊ स्पष्टीकरण देत नाहीत. वही उघडून त्या सर्व्हे नंबराची ओळ दाखवतात. तांबडी रेघ आहे, शेजारी तारीख आणि त्यांची सही.

त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली. वारसांची नावं चढवायला अजूनही मदत करतात, पण भागणी करू नका म्हणतात. भात आणि पोंय अविभक्त राहू द्या, घराभोवतीचं भाट हवं तर वाटून घ्या. अविभक्त हिश्श्यावर कुठली बँक कर्ज देत नाही, आणि जिथे बँक कर्ज देत नाही तिथे बिल्डर पटकन येत नाही, हे त्यांचं गणित. हे निर्दोष नाही. एखाद्या गरजू घराला आपला वाटा विकून दवाखान्याचं बिल भरायचं असेल तर हीच गोष्ट त्याच्या गळ्याशी येते, आणि तसं एकदा झालंही. तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने तो हिस्सा घेतला. बाजारभावापेक्षा कमी पैशांत, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा अडसर होता मालकांची भीती. शेत कुणाला कसायला दिलं तर कूळ लागेल, या धास्तीने गोव्यात कितीतरी जमिनी पडीक आहेत. भाऊंनी यावर काढलेला मार्ग साधा आहे. शेत मालकाच्या नावाने, मालकाच्या खर्चाने संघटना कसते; खंड नाही, वाटा नाही. बियाणं, नांगरणी, कापणीच्या यंत्राचं भाडं असा सगळा हिशेब मांडून जो नफा-तोटा होईल तो मालकाच्या खात्यात जातो. वर्षाअखेर प्रत्येक वारसाला खातेउतारा, मुंबईला असो वा लिस्बनला. रकमा किरकोळ असतात, कधी वजाही. पण आजोबांच्या शेताचा कागद दरवर्षी घरी येतो म्हटल्यावर लोक सहीला नाही म्हणेनासे झाले. लिस्बनहून एकाने कळवलं की पैसे पाठवू नका, नाचणी-तांदळाचं काही पाठवता येईल का बघा.

बाहेरच्या बाजूला

२०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आली, तेव्हा गावात फटाके वाजवायचं बाकी होतं. भाऊ शांत होते. विक्री अडली तरी झोन बदलायची दारं उघडी आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी नियोजन कायद्यात १७ (२) कलम आलं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली तुकड्या-तुकड्याने झोन बदलायला. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. तोवर २०२४ मध्ये झोन बदलायलाच ३९ अ हे दुसरं कलम येऊन बसलं होतं. भाऊ आता दर गुरुवारी सरकारी राजपत्र बघतात. आपला सर्व्हे नंबर आला तर हरकत घ्यायची मुदत हुकू नये म्हणून.

नदीच्या अंगाला त्यांचं काही चालत नाही. बार्जच्या लाटांनी बांधाची पिचिंग ढासळते, ती बसवायचा खर्च संघटनेच्या आवाक्याबाहेरचा आहे. भरतीची रेघ चिऱ्यांवर वर सरकतेय असं जुने लोक सांगतात. बांधाची उंची वाढवायची तर चिखल कुठून आणायचा, यावर दरवर्षी चर्चा होते आणि चहा होतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र आतलाच आहे आणि भाऊंना तो बँकेच्या भाषेत नीट सांगता येतो. सगळं एका माणसावर चाललंय. वही त्यांच्या अक्षरात आहे, संक्षिप्त खुणा त्यांच्याच डोक्यात. बचत गटातल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीला त्यांनी हाताशी धरलंय. ती वही संगणकावर चढवते आणि त्यांच्या वर्गवारीवर वाद घालते. तिचं म्हणणं, दोन हंगाम फार झाले, पहिल्या पडीक हंगामालाच धोका समजा. भाऊंना ते मान्य नाही. यंदाच्या वहीत दोघांचेही रकाने आहेत, शेजारी शेजारी.

गेल्या वार्षिक सभेत भाऊंनी ठराव मांडला की खजिनदार सलग तीन वर्षांपेक्षा जास्त राहू नये, आणि हे आपल्यापासून सुरू व्हावं. सभेने तो एकमताने फेटाळला. काकींनी तर पासबुक हातात धरून विरोध केला. भाऊंनी तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा घातला आहे, या वेळी पहिल्या क्रमांकावर.